उंच पेटीचे घड्याळ पाचव्या दिवशी का थांबते

प्रश्न असा आहे: वारशाने आलेले, आठ दिवसांच्या चावीचे, इंग्लिश बनावटीचे उंच पेटीचे घड्याळ चावी दिल्यानंतर चार-साडेचार दिवस बिनतक्रार चालते आणि मग थांबते. लंबकाला हात दिला तर ते काही मिनिटे चालून पुन्हा थांबते, पण वजने वर ओढून घेतली की परत चार दिवस उत्तम चालते. यंत्र उघडून स्वच्छ करून घेतले, तरी फरक पडला नाही. दोष कोठे आहे, आणि अशा घड्याळाची घडण व कार्यपद्धती नेमकी कशी असते, हे विचारले आहे.

पहिल्या भागाचे उत्तर थोडक्यात देता येते. दोष बहुधा यंत्रात नाही, पेटीच्या उभे राहण्यात आहे. पेटी भिंतीला घट्ट बांधलेली नसली की लंबकाच्या झोक्याबरोबर तीही किंचित डुलते. वजने खाली उतरत उतरत लंबकाच्या गोळ्याच्या पातळीला आली की हे डुलणे वजने स्वतःकडे ओढून घेतात आणि लंबकाची ऊर्जा संपते. मात्र हे उत्तर पटायचे असेल, तर या घड्याळात पेटी हे यंत्राचे आवरण नसून यंत्राचाच एक भाग आहे, हे आधी समजून घ्यावे लागते. ही गोष्ट घड्याळ दुरुस्त करणारेही पुष्कळदा विसरतात, कारण त्यांच्या टेबलावर येते ते केवळ पितळी यंत्र. पेटी मालकाच्या घरीच राहते.

घड्याळाची उंची दोन कारणांनी ठरते: लंबकाची लांबी आणि वजनांना उतरायला लागणारी जागा. क्रिस्तियान हायगेन्स या डच शास्त्रज्ञाने १६५६ मध्ये लंबक घड्याळाला जोडला आणि पुढच्याच वर्षी द हेग येथील सालोमोन कोस्टर या कारागिराने त्या रचनेची घड्याळे बनवायला आरंभ केला. १६५८ मध्ये लंडनच्या अहासुएरस फ्रोमांटील याने अशा घड्याळांची जाहिरात दिली होती. या सुरुवातीच्या घड्याळांतील सुटकेची यंत्रणा, म्हणजे लंबकाच्या झोक्यागणिक चक्राचा एकेक दात सोडणारे एस्केपमेंट, जुन्या व्हर्ज पद्धतीची होती. तिच्यात लंबकाला फार मोठा झोका घ्यावा लागे, त्यामुळे लंबक आखूड ठेवणे भाग होते. १६७० च्या सुमारास इंग्लंडमध्ये नांगराच्या आकाराचे, म्हणजे अँकर, एस्केपमेंट आले. त्याचे श्रेय रॉबर्ट हुक, विल्यम क्लेमेंट आणि जोसेफ निब या तिघांपैकी कोणाला द्यावे यावर अजून वाद आहे, आणि माझ्या मते तो सुटण्यासारखाही नाही. परिणाम मात्र निर्विवाद आहे. लंबकाचा झोका मध्यापासून दोन-तीन अंशांवर आला आणि सुमारे एक मीटर लांबीचा लंबक हातभर रुंदीच्या पेटीत मावू लागला. या घड्याळांचे मधले धड इतके सडपातळ असते, त्याचे मूळ कारण हेच आहे.

लंबकाने एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे जायला बरोबर एक सेकंद घ्यावा, यासाठी त्याची प्रभावी लांबी, म्हणजे टांगणीपासून साधारण गोळ्याच्या मध्यापर्यंतची, सुमारे ९९४ मिलिमीटर असावी लागते. ही लांबी एका मिलिमीटरने वाढली तर घड्याळ दिवसाला सुमारे ४३ सेकंद मागे पडते. गोळ्याखालचा छोटा नट फिरवून आपण हीच लांबी कमीजास्त करतो; घड्याळ मागे पडत असेल तर गोळा वर घ्यायचा, पुढे जात असेल तर खाली सोडायचा. उष्णतेने लंबकाचा दांडाही लांबतो. पोलादी दांड्याच्या घड्याळात तापमान एका अंश सेल्सिअसने वाढले की दिवसाला साधारण अर्धा सेकंद मागे पडतो, आणि पितळी दांड्यात हा फरक याहून बराच जास्त असतो. थंडी आणि उन्हाळा यांत पंधरा अंशांचा फरक धरला, तरी पोलादी दांड्याचे घड्याळ दिवसाला सात-आठ सेकंदांनी बदलेल. घरगुती घड्याळात याची खंत करू नये. ज्यांना खंत होती त्यांनी उपाय काढले: जॉर्ज ग्रॅहॅम याने १७२१ च्या सुमारास गोळ्याच्या जागी पाऱ्याची बरणी लावली, म्हणजे दांडा खाली लांबला तरी पारा वर चढून समतोल साधे, आणि जॉन हॅरिसन याने पितळ व पोलाद यांच्या सळ्यांची जाळी करून दोन धातूंचे प्रसरण एकमेकांविरुद्ध लावले. हे दोन्ही उपाय वेधशाळेच्या दर्जाच्या घड्याळांचे आहेत. आपल्या घड्याळात साधा लोखंडी किंवा पोलादी दांडा आणि त्याखाली शिसे भरलेला, दोन्ही बाजूंनी फुगीर असा गोळा असणार.

झोक्याच्या रुंदीचाही वेळेवर परिणाम होतो. साधा लंबक रुंद झोक्यात किंचित सावकाश चालतो. मध्यापासून तीन अंशांच्या झोक्यात हा उशीर दिवसाला सुमारे पंधरा सेकंद असतो, तर दोन अंशांच्या झोक्यात सात सेकंदांहूनही कमी. म्हणून तेल सुकल्यामुळे किंवा घर्षण वाढल्यामुळे झोका आक्रसत गेला, की थांबण्याआधी ते घड्याळ थोडे पुढेच जाऊ लागते. अनेकांना हे उलटे वाटते, पण निदानाच्या दृष्टीने ही फार उपयोगी खूण आहे.

आता चक्रांकडे वळू. आठ दिवसांच्या इंग्लिश यंत्रात दोन स्वतंत्र चक्रमालिका शेजारी-शेजारी असतात. समोरून पाहिले तर उजवीकडची वेळेची आणि डावीकडची टोल्यांची. वेळेच्या मालिकेतील दातांची नेहमीची संख्या पाहण्यासारखी आहे. दोरीच्या ड्रमवरील मोठ्या चक्राला ९६ दात असतात आणि ते मधल्या आसावरील ८ पानांच्या पिनियनला (थोड्या दातांच्या लहान चक्राला; त्याच्या दातांना पाने म्हणतात) फिरवते. म्हणजे मोठे चक्र बारा तासांत एकदा फिरले की मधला आस तासाला एकदा फिरतो आणि त्यावर मिनिटकाटा बसतो. मधल्या चक्राला ६० दात, पुढच्या पिनियनला ८ पाने, तिसऱ्या चक्राला ५६ दात आणि शेवटच्या पिनियनला ७ पाने. साठाला आठाने आणि छप्पनला साताने भागून गुणाकार केला की बरोबर साठ येतो. म्हणून शेवटचे, एस्केपमेंटचे चक्र मिनिटाला एकदा फिरते आणि त्याच्या आसाचे टोक तबकडीतून पुढे काढले की सेकंदकाटा आपोआप मिळतो. या चक्राला ३० दात असतात, प्रत्येक दात अँकरच्या दोन्ही बाहूंवरच्या पृष्ठांना, म्हणजे पॅलेटना, एकेकदा भेटतो, म्हणून मिनिटाला साठ ठोके. एकही दात जास्तीचा नाही. मिनिटकाट्याकडून तासकाट्यासाठी बाराला एक अशी घट करणारी छोटी चक्रे पुढच्या प्लेटबाहेर, तबकडीच्या मागे असतात; तेथे बहुधा ६ पानांची पिनियन आणि ७२ दातांचे चक्र आढळते.

मोठे चक्र दिवसाला दोन फेरे घेत असल्याने आठ दिवसांना सोळा फेरे लागतात. ड्रमवर तेवढीच खाच कातलेली असते, म्हणजे वजनाच्या दोरीचा, तातेचा, एक वेढा दुसऱ्यावर चढत नाही. ड्रमचा व्यास पाच सेंटिमीटरच्या आसपास धरला तर सोळा वेढ्यांना अडीच मीटर तात लागते. वजन कप्पीला टांगलेले असल्यामुळे ते याच्या निम्मेच, सुमारे सव्वा मीटर, खाली उतरते. मात्र कप्पीमुळे वजन दुप्पट जड ठेवावे लागते. साधारण पाच-सहा किलोचे वजन आठ दिवसांत सव्वा मीटर उतरते, याचा हिशेब केला तर वेळेच्या मालिकेला मिळणारी शक्ती सुमारे ०.०००१ वॉट भरते. एवढ्या शक्तीवर सगळी चक्रे, तीन काटे आणि लंबक आठवडाभर चालतात. या आकड्याकडे मी मुद्दाम लक्ष वेधतो, कारण पुढचे सगळे त्यावर अवलंबून आहे: इतक्या तुटपुंज्या शक्तीतला थोडासा वाटा जरी पेटीच्या डुलण्यात गेला, तरी लंबकाच्या वाट्याला काही उरत नाही.

चावी देताना वजनाची ओढ ड्रमवरून निघून जाते आणि तेवढे क्षण लंबक निराधार चालतो. चांगल्या प्रतीच्या जुन्या घड्याळांत यासाठी एक झडप असते. चावीची भोके या झडपेने झाकलेली असतात, आणि ती बाजूला केली की एक स्प्रिंग लावलेला दांडा चक्राला ढकलत राहतो. म्हणजे ही सोय चालू केल्याशिवाय चावी घालताच येत नाही. सामान्य घड्याळांत ही सोय वगळलेली असते आणि आठवड्याला काही सेकंद गेले तर कोणाचे बिघडत नाही. गंमत अशी की स्वस्त, तीस तासांच्या ग्रामीण घड्याळांत हायगेन्सची अखंड दोरीची किंवा साखळीची युक्ती वापरलेली असते. तिच्यात एकच वजन दोन्ही मालिका चालवते आणि ते वर ओढतानाही वेळेच्या मालिकेवरची ओढ तशीच राहते. या बाबतीत गरिबाचे घड्याळ श्रीमंताच्या घड्याळापेक्षा सरस आहे.

एस्केपमेंटवर थोडे थांबायला हवे, कारण घड्याळाचे आयुष्य येथेच झिजते. अँकरच्या दोन बाहूंना दोन वक्र पृष्ठे असतात, त्यांना पॅलेट म्हणतात. लंबक एका बाजूला जातो, त्या बाजूचा दात सुटतो आणि सुटताना पॅलेटच्या उतारावरून घसरत लंबकाला अत्यंत हलका धक्का देतो. लगेच दुसऱ्या बाजूचा दात दुसऱ्या पॅलेटवर पडतो, आणि तोच ठोक्याचा आवाज. पण लंबकाचा झोका अजून संपलेला नसतो. तो पुढे जात राहतो आणि पॅलेट त्या दाताला उलट ढकलते. सेकंदकाटा प्रत्येक ठोक्यानंतर किंचित मागे सरकलेला दिसतो तो यामुळेच. तो दोष नाही. ही माघार टाळणारे डेडबीट एस्केपमेंट टॉमस टॉम्पियनने १६७६ मध्ये ग्रिनिच वेधशाळेसाठी केलेल्या घड्याळांपासून ज्ञात होते आणि ग्रॅहॅमने १७१५ च्या सुमारास ते परिपूर्ण केले. वेळ पाळण्यात ते श्रेष्ठ आहे, यात शंका नाही. तरीही घरगुती घड्याळांच्या कारागिरांनी माघार घेणारा अँकरच दीर्घकाळ चालू ठेवला आणि मला तो निर्णय योग्य वाटतो. कारण ढोबळ हाताने केलेला, थोडा झिजलेला, धूळ बसलेला अँकरही घड्याळ चालवत राहतो, तर डेडबीटला अचूक घडण आणि स्वच्छता यांची अपेक्षा असते.

झिजेबद्दल एक गोष्ट प्रथम ऐकणाऱ्याला विचित्र वाटते. चक्र मऊ पितळेचे आणि पॅलेट कडक पोलादाचे, पण चर पडतात ते पॅलेटवर. हवेतली बारीक कठीण धूळ पितळेत रुतून बसते आणि मग प्रत्येक दात सूक्ष्म कानशीसारखा पोलाद घासत राहतो. हेच पिनियनच्या पोलादी पानांवरही दिसते. म्हणून दातांना आणि पिनियनला तेल कधीही लावू नये: तेल धूळ धरून ठेवते आणि झीज वाढवते. तेल फक्त आसांच्या टोकांना आणि पॅलेटच्या पृष्ठांना, तेही सुईच्या टोकावर मावेल इतकेच. संपूर्ण यंत्रावर फवारलेले तेल हे मला येणाऱ्या घड्याळांतले सर्वांत नेहमीचे आणि सर्वांत टाळता येण्याजोगे नुकसान आहे.

घडणीविषयी लिहायचे तर प्रारंभ पितळेपासून करावा लागतो. प्लेट आणि चक्रांच्या चकत्या वाळूच्या साच्यात ओतल्या जात. ओतीव पितळ मऊ आणि सच्छिद्र असे, म्हणून ते थंड अवस्थेतच हातोडीने ठोकून घट्ट आणि कडक केले जाई, मग कानस आणि पटाशीने सपाट केले जाई. जुन्या प्लेटच्या आतल्या, न दिसणाऱ्या बाजूवर ओतकामातले खड्डे आणि हातोडीच्या खुणा अजूनही सापडतात. चक्रांचे दात कापण्यासाठी विभागणीच्या चकतीचे यंत्र सतराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून वापरात होते, पण दाताच्या टोकाला शेवटचा गोलावा हाताने कानस चालवूनच दिला जाई. पिनियन आणि आस हे एकाच पोलादी तुकड्यातून कोरून निघत. पुढे इंग्लंडच्या लँकेशर परगण्यात, विशेषतः प्रेस्कॉट भागात, पानांचा आकार आधीच असलेली पोलादी तार ओढली जाऊ लागली. कारागीर हवे तेवढे तुकडे कापून नको असलेली पाने काढून टाकत आणि उरलेल्यांना कडक करत. आसाची टोके शेवटी कापून नव्हे, तर कडक पोलादाने दाबून चकचकीत केलेली असतात. त्यामुळे त्यांचा पृष्ठभाग दाट होतो आणि शतकभर टिकतो. दोन प्लेटना जोडणारे चार किंवा पाच खांब मागच्या प्लेटला ठोकून बसवलेले आणि पुढच्या प्लेटला निमुळत्या खिळ्यांनी अडकवलेले असतात. काटे पोलादी पत्र्यातून करवतीने कापलेले असतात; त्यांचा गडद निळा रंग हा मुलामा नसून सुमारे ३०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवल्याने पृष्ठावर आलेला ऑक्साइडचा थर असतो, म्हणून त्यांना घासायचे नाही.

यावरून लक्षात येईल की तबकडीवर ज्याचे नाव आहे त्यानेच प्रत्येक भाग केला, असे मानता येत नाही. ओतकाम करणारे, चक्रे कापणारे, घंटा करणारे, कोरीवकाम करणारे आणि पेटी घडवणारे सुतार वेगळे असत. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात तर तबकडीवरचे नाव पुष्कळदा जुळणी करून विकणाऱ्याचे असे. याने घड्याळाची किंमत कमी होते असे मला वाटत नाही. ज्याने हे सारे भाग एकत्र आणून दोनशे वर्षे चालेल अशी जुळणी केली, त्याने नाव कोरण्याचा अधिकार मिळवला होता.

टोल्यांच्या मालिकेचे दोन प्रकार आहेत. जुन्या प्रकारात एक चकती असते, तिच्या कडेवर वाढत्या अंतराने खाचा असतात, आणि दांडा खाचेत पडला की टोले थांबतात. ही चकती केवळ क्रम मोजते, काट्यांशी तिचा संबंध नसतो. म्हणून काटे भराभर फिरवले किंवा टोल्यांची चावी आधी संपली की घड्याळ चार वाजता सात टोले देऊ लागते. एडवर्ड बार्लो याने १६७६ मध्ये शोधलेल्या दुसऱ्या प्रकारात तासकाट्याबरोबर फिरणारी, बारा पायऱ्यांची, गोगलगायीच्या आकाराची चकती असते. तास भरला की एक दंतपट्टी घसरून त्या क्षणी समोर असलेल्या पायरीवर येऊन टेकते आणि जितकी खाली पडेल तितके टोले पडतात. प्रत्येक टोल्याला एक छोटी खुंटी पट्टीचा एक दात वर उचलते. त्यामुळे टोले नेहमी काट्यांशी जुळतात. दोन्ही प्रकारांत बारा तासांचे एकूण टोले ७८ होतात, आणि टोल्यांच्या मोठ्या चक्राला बहुधा ७८ दात, ते फिरवत असलेल्या पिनियनला ८ पाने आणि हातोडी उचलणाऱ्या चक्रावर ८ खुंट्या असतात. म्हणजे मोठ्या चक्राच्या एका फेऱ्यात बरोबर बारा तासांचे टोले पूर्ण होतात आणि दोन्ही वजने जवळजवळ सारख्या गतीने उतरतात. दंतपट्टीच्या घड्याळाचा एक स्वभाव सांगून ठेवतो: टोल्यांचे वजन संपले असेल आणि वेळेचे चालू असेल, तर घड्याळ बारा आणि एक यांच्या दरम्यान अडते, कारण खाली पडून राहिलेल्या पट्टीचे शेपूट बाराच्या खोल पायरीतून एकच्या उंच पायरीवर चढू शकत नाही. टोले नकोत म्हणून त्या बाजूला चावी न देणाऱ्यांचे घड्याळ नेमके त्याच वेळी का थांबते, याचे उत्तर हे आहे.

तबकडीवरून काळ ओळखता येतो, त्याविषयी थोडक्यात. चौकोनी पितळी तबकडी, तिच्यावर चांदीचा हात दिलेले आकड्यांचे कडे आणि कोपऱ्यांत ओतीव नक्षी ही जुनी पद्धत. वरची कमान १७१५–२० च्या सुमारास रूढ झाली. पांढरी रंगवलेली लोखंडी तबकडी बर्मिंगहॅममधून १७७० नंतर येऊ लागली आणि तिने पितळी तबकडीला लवकरच मागे टाकले. आकड्यांच्या कड्यावरचा चांदीचा थर मीठ, टार्टर आणि चांदीचा क्षार चोळून दिलेला असतो आणि अतिशय पातळ असतो; भांडी उजळण्याच्या पुडीने एकदा घासले की तो गेलाच. कमानीत फिरणारा चंद्र असेल तर त्याच्या चकतीवर दोन चंद्र आणि कडेला ११८ दात असतात. बारा तासांना एक दात सरकला की एकोणसाठ दिवसांत चकतीचा एक फेरा, म्हणजे प्रत्येक चंद्राला साडेएकोणतीस दिवस मिळतात. खरा चांद्रमास याहून सुमारे पाऊण तासाने मोठा आहे, तेव्हा अडीच-पावणेतीन वर्षांत एकदा चंद्र एका दिवसाने मागे आणावा लागतो.

पेटीचे तीन भाग असतात: तबकडी झाकणारी वरची टोपी, लांब दाराचे धड आणि खालची बैठक. सतराव्या शतकातल्या टोप्या वर सरकून निघत, नंतरच्या पुढे ओढून काढतात. उंची श्रेणीच्या पेट्यांत ओकचा सांगाडा आणि त्यावर अक्रोडाच्या लाकडाचा पातळ थर, पुढे अठराव्या शतकाच्या मध्यापासून महॉगनी, आणि ग्रामीण पेट्यांत सरळ ओकच. जुना थर करवतीने कापलेला असल्याने दीड-दोन मिलिमीटर जाडीचा असतो. यंत्राच्या पात्याने सोललेला आधुनिक थर याच्या निम्म्याहूनही पातळ असतो, त्यामुळे उखडलेली कड पाहिली की दुरुस्ती कधीची हे कळते. थर चिकटवायला सरस वापरलेला असतो. तो उष्णता आणि ओलाव्याने सुटतो, म्हणून पुढच्या दुरुस्तीतही सरसच वापरावा; कृत्रिम राळेचा डिंक लावला की ती जागा पुन्हा नुकसान न करता उघडता येत नाही. टोपीखालची गोलाई बाहेर फुगलेली असेल तर पेटी बहुधा १७०० च्या आधीची, आत वळलेली असेल तर नंतरची. यंत्र आणि पेटी मुळात एकमेकांचीच आहेत का, हे पाहायचे तर टोपी काढून यंत्राखालची फळी बघावी: तिला आधार देणाऱ्या बाजूच्या पट्ट्यांवर नवे तुकडे ठोकलेले असतील, प्लेटवर निकामी भोके असतील, किंवा तबकडीच्या कडा टोपीच्या चौकटीत नीट बसत नसतील, तर जोडी नंतर जुळवलेली आहे.

याच फळीपाशी आपल्या प्रश्नाचे उत्तर आहे. यंत्र फळीवर, फळी पेटीच्या दोन बाजूंवर, लंबक यंत्राच्या मागच्या आधारावर, आणि हे सगळे सडपातळ पेटीच्या चार बिंदूंवर उभे. लंबकाच्या प्रत्येक झोक्याबरोबर पेटीचे वरचे टोकही केसभर हलते. वजने वर असताना याने विशेष बिघडत नाही. पण वजन आपल्या दुपदरी तातेवर टांगलेला दुसरा लंबकच आहे, आणि त्याची लांबी रोज वाढते आहे. ती लांबी खऱ्या लंबकाइतकी झाली की दोघांचा दोलनकाळ एक होतो, आणि झोपाळ्याला योग्य क्षणी दिलेल्या बोटभर धक्क्यांनी तो उंच जावा, तसे पेटीच्या सूक्ष्म डुलण्याने वजन झुलू लागते. ही ऊर्जा लंबकाच्याच खात्यातून जाते. वजन सव्वा मीटरपैकी सुमारे पाऊण मीटर उतरलेले असते तेव्हा, म्हणजे चावी दिल्यापासून पाचव्या दिवसाच्या आसपास, ही स्थिती येते. वजने वर ओढली की जुळणी मोडते आणि घड्याळ पुन्हा निर्दोष चालते. यंत्र कितीही वेळा स्वच्छ केले तरी यात फरक पडणार नाही.

खात्री करणे सोपे आहे. पाचव्या दिवशी, घड्याळ थांबण्याच्या आधी, दार उघडून वजनांकडे पाहावे. ती लंबकाबरोबर झुलत असतील तर निदान पक्के. उपाय असा: प्रथम ओळंबा लावून पेटी पुढून आणि बाजूने उभी करावी, चारही पाय जमिनीला टेकतील अशा पाचरी घालाव्यात, आणि नंतर धडाच्या पाठीच्या फळीतून, शक्य तितक्या वरच्या बाजूला, भिंतीत स्क्रू घालावा. भिंतीच्या तळपट्टीमुळे पेटी आणि भिंत यांत फट राहत असेल तर स्क्रूच्या जागी तेवढ्याच जाडीचा लाकडी ठोकळा मध्ये द्यावा, नाहीतर स्क्रू आवळताना पेटी मागे झुकेल. जुन्या फळीला भोक पाडायचे म्हणून पुष्कळ जण कचरतात. पाठीची फळी नीट तपासावी. तेथे आधीची भोके बहुतेक वेळा सापडतात, कारण ही घड्याळे भिंतीला बांधूनच उभी केली जात. भिंतीत स्क्रू घालणे शक्यच नसेल तर बैठकीच्या तळाशी काही किलो वजन ठेवल्याने डुलणे बरेच कमी होते, पण तो दुय्यम उपाय आहे. यंत्र फळीला आणि फळी बाजूंना घट्ट आहे ना, लंबक टांगण्याची पातळ पोलादी पट्टी कोठे दुमडलेली नाही ना, आणि लंबकाच्या दांड्याला धक्का देणारा काटा त्यावर फार सैल नाही ना, हेही त्याच वेळी पाहावे.

पेटी स्थिर झाल्यावर ठोक्यांची लय जुळवावी लागते, कारण पेटी हलवली की ती बिघडते. दोन ठोक्यांमधले अंतर कानाला सारखे वाटले पाहिजे. एक लांब आणि एक आखूड वाटत असेल, तर अँकरपासून खाली येणारा दांडा किंचित वाकवावा. तो वाकवताना एक हात दांड्याच्या वरच्या भागाला आधार देऊन ठेवावा, नाहीतर ताण आसाच्या टोकांवर जातो. कोणत्या बाजूला वाकवायचे हे ओळखण्याची रीत अशी की लंबक हाताने हळूहळू एका बाजूला न्यावा आणि ठोका पडला ती जागा पाहावी, मग दुसरीकडे तसेच. मध्यापासून ज्या बाजूला ठोका उशिरा, म्हणजे लांबवर, पडतो त्याच्या विरुद्ध बाजूला दांड्याचे खालचे टोक थोडे वळवायचे, ऐकायचे, आणि लय बिघडली असे वाटले तर उलट दिशेला.

हे सगळे केल्यावरही घड्याळ पाचव्या दिवशी थांबले आणि वजने मात्र स्थिर होती, तर मगच यंत्राकडे वळावे. त्या वेळी दुरुस्त करणाऱ्याला तीन गोष्टी लिहून द्याव्यात: थांबले तेव्हा काटे कोठे होते, वजने किती उतरली होती, आणि थांबण्यापूर्वीच्या दिवसांत घड्याळ पुढे जात होते की मागे. काटे नेहमी एकाच जागी थांबत असतील तर टोल्यांचा उचलदांडा किंवा काट्यांची एकमेकांना घासणी. मिनिटे वेगवेगळी पण वजनांची उंची तीच असेल तर ड्रमवर तातेचा वेढा चढलेला किंवा वजन पेटीच्या कडेला टेकलेले. आणि घड्याळ रोज थोडे थोडे पुढे जात थांबले असेल तर आसांची भोके लांबट झालेली किंवा तेल सुकलेले. लांबट झालेल्या भोकांत नवे पितळी बुश, म्हणजे छोटी नळी, बसवणे हे योग्य काम आहे. भोकाच्या भोवती टोचे मारून पितळ आत ढकलणे हे मात्र नाकारावे, कारण त्याने प्लेट कायमची विद्रूप होते आणि वर्षभरात भोक पुन्हा सैल होते. घड्याळ घेऊन जाताना आधी वजने, मग टोपी, मग लंबक आणि शेवटी यंत्र काढावे. वजनांवर डावे-उजवे लिहून ठेवावे, कारण दोन्ही वजने सारखी दिसली तरी कित्येक घड्याळांत ती वेगळ्या भाराची असतात.